दोन चाळीसची सावली

रबाळ्याच्या एमआयडीसीत पत्र्याखाली
आम्ही गाड्यांना घर करतो.
फळ्या इम्तियाज ठोकतो, वायरी मी ओढते.
गाडी फाटकातून गेली तरी सुटत नाही.
तिच्या पोटातली बॅटरी मिनिटामिनिटाला
मला सांगत राहते कशी आहे, किती उरली आहे.
सासरी गेलेली पोरसुद्धा एवढं कळवत नाही.

अकरा गाड्या आहेत फोनवर.
चार नंबर पहाटे पाचला किटली लावते,
पंच्याऐंशी अँपिअरचा सुळका, चार मिनिटं.
नऊ नंबरचा पंखा दिवसभर चालू, आत कुत्रा असतो.
दोन नंबर मालकानं विकून टाकली.
नवा मालक फ्रिजचं दार नीट लावत नाही
हे त्याच्या घरच्यांच्या आधी मला कळलं.

सात नंबर टेंब्यांची. दिवाकर टेंबे, पाचपाखाडी.
गाडी बांधताना दोनच गोष्टी मागितल्या:
पलंग एकट्यापुरता,
आणि पेटी मावेल एवढा कोनाडा.
पेटी म्हणजे वाजवायची, म्हणाले, कपड्यांची नव्हे.

मेमध्ये ते स्पितीला गेले.
तसं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. स्टेटसला बर्फ,
बर्फापुढे चहाचा कप,
कप धरलेला हात कुणाचाही असावा.

मी आकडे बघत होते.
काझाला, रात्री दोन वाजता, बॅटरी एकतीस अंशांवर?
गोठू नये म्हणून मीच तिच्याखाली
तापणारी चादर घातली होती.
ती एकदाही लागली नाही.
आणि रोज दुपारी दोन चाळीसला
उन्हाची रेघ कापल्यासारखी खाली,
अठरा अँपिअरवरून दीड. सव्वाचारला परत थोडी वर.
ढग असा घड्याळ लावून येत नाही.
डोंगर इतका सरळ कापत नाही.
ही बिल्डिंग आहे.

रविवारी मावशीकडे गव्हाणला जाताना
उलव्यात दिसली. अर्धवट टॉवरच्या मागे,
खाडीकडे तोंड करून, राखाडी.
इम्तियाजचा वाकडा रिव्हेट मी शंभर गाड्यांत ओळखेन.
स्कूटर थांबवली नाही.

आमच्याकडे साडेबारा म्हटलं
की गेलेल्या जमिनीच्या बदल्यातला प्लॉट,
अजून त्यावरून अर्ध्या जेवणातून माणसं उठतात.
बॅटरीचं साडेबारा वेगळं.
साडेबारा व्होल्ट म्हणजे तळ दिसायला लागला.

मंगळवारी पहाटे सात नंबर साडेबारावर आली.

फोन करायचा, पण बोलायचं काय?
माणूस घरी का जात नाही
हे मोजायचं यंत्र मी बसवलेलं नाही.
पाचपाखाडी ते उलवे, तासाभराचा रस्ता.
कुणाची स्पिती तेवढ्यातच येते.
इम्तियाज म्हणाला, त्यांच्या मुलाला कळव.
मी म्हटलं, गाडी मुलानं घेतलेली नाही.

अकराला लावला.
काका, सर्व्हिसचा फोन आहे.
दुपारी पॅनेलवर सावली येतेय. गाडी थोडी पुढे घ्या.
पलीकडे बराच वेळ फक्त एक कावळा ओरडत होता.
उलव्याचा कावळा.
मग विचारलं, "किती पुढे?"
"तीस फूट. खाडीकडे."
"बरं," म्हणाले. आणि जरा थांबून,
"इथे थंडी फार आहे."
"हो," मी म्हटलं. "जपा."

दुसऱ्या दिवशी दोन चाळीस वाजले आणि वाजून गेले.
रेघ हलली नाही.
चारपर्यंत बॅटरी सत्तर टक्के.
संध्याकाळी सात ते नऊ त्यांनी काहीच लावलं नाही,
दिवा नाही, पंखा नाही,
शून्य, शून्य, शून्य.
आधी मी घाबरले. हात फोनकडे गेलासुद्धा.
मग आठवलं,
पेटीला वीज लागत नाही.